क्षणभर विसरणारा मासा

सासऱ्यांनी आपला लाकडी मासा खडकात घालवला तो रविवार होता. सकाळी गेले ते तासाभरातच परत आले. गळाची काठी कपाटावर आडवी ठेवली, ओले बूटही न काढता खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "संपलं."

सून भांडी पुसत होती. "काय संपलं, बाबा?"

"सगळंच," सासरे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

चाळीस वर्षं त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. सात मजले उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसून खालची लोखंडी पेटी बशीत कप ठेवावा तशी ते जहाजात ठेवत. आणि तितकीच वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, खाडीच्या तोंडाशी उभं राहून नकली माशांनी खरे मासे धरत. जिवंत कोळंबी गळाला लावणाऱ्यांना ते खिजगणतीत धरत नसत. "खाऊ दाखवून कुणीही बोलावील," ते म्हणायचे. "लाकडाच्या तुकड्याला मासा म्हणायला लावा, मग मानू."

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूचं निदान झालं, तेव्हा बराच उशीर झाला होता. आता त्यांना नळीतून पाहिल्यासारखं दिसे. समोरचा कप दिसे, पण शेजारची किटली दिसत नसे. त्या रविवारी फेसाची रेघ त्यांना दिसली नाही. मासा खडकाच्या कपारीत अडकला, त्यांनी ओढला आणि दोरा तुटला.

त्या माशाची गोष्ट साऱ्या घराला पाठ होती. तीस वर्षांपूर्वी एका जहाजावरच्या खलाशाने तो त्यांना दिला होता. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. त्याच्यावर सासऱ्यांनी अकरा जिताडे, खाडीच्या तोंडाशी शिकार करणारे ते मोठे मासे, काढले होते. दुसरे नकली मासे डबाभर होते, पण जिताडा म्हटलं की हाच.

चार दिवस गेले. सासरे खुर्चीतून जेवायला उठत आणि जेवून खुर्चीत जात. रेडिओ लावत, पण ऐकत नसत. पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला सांगितलं, "तो डबा कुणाला तरी देऊन टाक."

सुनेने डबा घेतला, पण कुणाला दिला नाही. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. गल्लीत तिला कवळीवालीच म्हणत. वीस वर्षांत तिने इतक्या जबड्यांचे ठसे हाताळले होते, की माणूस हसला की तिला आधी त्याची चावण्याची बाजू दिसे. तिने डबा उघडला आणि पाहतच राहिली. तळाला मऊ रबरी फोम चिकटवलेला होता आणि त्यात, तीस वर्षं एकाच जागी दाबून दाबून, एका माशाचा खोलगट आकार उमटला होता. पोट, शेपटीचा उतार, डोळ्याच्या जागचा उंचवटासुद्धा.

ठसा! अर्धाच होता, पण ठसाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्या खाचेत प्लॅस्टर ओतलं. एका बाजूवरून दुसरी बाजू मेणात कोरली, साचा केला, आणि कवळीच्या हिरडीला वापरतात ते गुलाबी अ‍ॅक्रिलिक त्यात दाबून शिजवलं. संध्याकाळी घरी येऊन तिने तो मासा सासऱ्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी बोटं फिरवली. दोनदा फिरवली. मग म्हणाले, "आकार बरोबर आहे. पण हा दगड आहे."

"तोलायचा कसा, ते तुम्ही सांगा."

"मला काय विचारतेस? मी बनवणारा थोडाच आहे!"

"तुम्ही वापरणारे आहात. आमच्याकडे पेशंट म्हणतो, इथे टोचतंय. आम्ही तिथे घासतो. तुम्ही फक्त कुठे टोचतंय ते सांगा."

सासऱ्यांनी तो गुलाबी मासा मांडीवर ठेवला. मग हात हवेत धरून त्यांनी तो हरवलेला मासा पोहून दाखवला. "बाकीचे मासे नुसते थरथरतात. तो डुलायचा. असा, असा. आणि मध्येच एक क्षण विसरायचा. आपण पोहतोय हेच विसरायचा. जिताडा त्याच क्षणी तोंड घालतो."

"विसरायचा म्हणजे थांबायचा?"

"थांबायचा नाही गं. तू गॅसवर दूध ठेवून विसरतेस, तेव्हा थांबलेली असतेस का?"

सुनेला हसू आलं. पण विसरणं म्हणजे काय, ते तिला कळलं होतं.

नवऱ्याला मात्र हे काही पटेना. तो बर्फाच्या कारखान्यात फिटर होता, उंचावरचे पाइप जोडायचा, आणि पडलेली माणसं त्याने पाहिली होती. "त्यांना दिसत नाही, तुला पोहता येत नाही," तो म्हणाला. "आणि दोघं निघालात खडकावर. जोडी झकास आहे."

"खडकावर नाही. सध्या बंदराच्या उतारावर, घोटाभर पाण्यात."

"आणि मग?"

"मगचं मग."

"मी नाही म्हणतोय, हे ऐकू आलं ना?"

"आलं," ती म्हणाली, आणि पोळ्यांचं पीठ मळायला लागली.

होड्या ओढतात त्या उतारावर ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी सासऱ्यांना घेऊन जाई. ते काठी धरत आणि ती मासा पाण्यात सोडे. वीसेक हात दोरा ओढून होईपर्यंत ते डोळे मिटून उभे असत. त्यांच्या मते दिसणं या कामात मध्येच येतं. काठीच्या टोकाची थरथर मनगटात उतरते, तिथेच सगळं कळतं.

पहिला मासा बुडाला. दुसरा पोट वर करून आला. तिसऱ्याला सासरे म्हणाले, "हा पिऊन आलाय." चौथ्याला, "हा घाबरलाय, पोलीस मागे लागल्यासारखा पळतोय." पाचवा त्यांनी अर्ध्यातच गुंडाळला. "हा सरकारी नोकर. हालतो, पण कुणासाठी नाही."

सून प्रत्येक माशाचं कार्ड लिहायची, पेशंटचं लिहितात तसं. तक्रार काय, कुठे घासलं, पोटात शिशाचा कण कुठे सरकवला, माशाला पाण्यात डुलवणारी तोंडापुढची पारदर्शक चकती किती अंशांनी वाकवली. आत पोकळी ठेवून तिने मासा हलका केला. शिसं पुढे घेतलं, मागे घेतलं, दोन कण केले. प्रयोगशाळेतल्या मालकीणबाईंनी एकदा पॉलिशच्या चाकापाशी वाळत घातलेले मासे पाहिले आणि विचारलं, "हे कुणाच्या तोंडात बसणारेत?"

"बसतीलच कुणाच्या तरी," ती म्हणाली.

उतारावर एक न्हावी रोज यायचा. चहाचा भला मोठा थर्मास बरोबर असल्याने सगळे त्याला किटली म्हणत. तोही नकली माशांचाच शौकीन होता, आणि जिभेला हाड नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, "बाजारात तयार मिळतात. कशाला उगाच डोंगर पोखरून उंदीर काढताय?"

"उंदीर नकोय," ती म्हणाली. "जिताडा हवाय."

नवव्या माशाला सासऱ्यांनी नाव ठेवलं नाही. त्यांनी दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "पुन्हा सोड." पुन्हा गुंडाळला. "पुन्हा." तिसऱ्यांदा गुंडाळताना त्यांच्या गालाचा स्नायू हलला. "विसरला," ते हळूच म्हणाले. "बघ, आता विसरला. इथे... आणि पुन्हा इथे."

तिने शिशाचा कण पोटातल्या पोकळीत सैल ठेवला होता. तो मध्येच एका बाजूला घरंगळायचा आणि माशाचा तोल एका श्वासापुरता जायचा. वीस वर्षं काहीही सैल राहू नये म्हणून झटलेल्या बाईला हे सुचायला नऊ मासे लागले होते.

आता खडकाचा प्रश्न होता. जिताडा उतारावर येत नाही. ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी समुद्रात शिरतं, आणि त्या पाण्याबरोबर वाहत येणारी बारीक मासळी टिपायला तो खडकाच्या आडोशाने उभा राहतो. सून एकटी जाऊन जागा बघून आली. रस्त्याच्या कठड्यापासून बेचाळीस पावलं, मध्ये दोन पायऱ्यांएवढी घसरण, आणि टोकाला एक सपाट दगड. त्याच्यात होड्या बांधायची जुनी लोखंडी कडी रुतलेली होती. तिने हे सगळं कागदावर काढून नवऱ्यासमोर ठेवलं. तो कागदाकडे न बघताच जेवला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन पट्टे पडलेले होते. कारखान्यात उंचावर चढताना कंबरेला आणि खांद्यांना आवळतात ते, जाड आकड्यांसकट. शेजारी नवा दोर आणि दोन तरंगती जाकिटं. नवरा मोज्यांची जोडी शोधत होता.

"ती कडी मी हातोड्याने ठोकून बघितली," तो मोज्यांच्या खणातच तोंड घालून म्हणाला. "बैल बांधला तरी हलणार नाही. पण आकडा लावल्याशिवाय कुणी पाऊल टाकलं तर माझ्याशी गाठ आहे. बाबांनासुद्धा सांग."

"तूच सांग की."

"तूच सांग. माझं ते कधी ऐकतात?"

सासऱ्यांनी पट्टा घालून घेतला तेव्हा ते ताठ उभे होते. "क्रेनवर पहिल्या दिवशी असाच घातला होता," एवढंच म्हणाले.

खडकावर तिसऱ्या सकाळी मासा लागला. सासऱ्यांची काठी एकदम खाली झुकली, रीळ किंचाळलं, आणि तीस हातांवर पाणी फोडून एक मोठं रुपेरी अंग वर आलं. त्याने डोकं दोनदा झटकलं. दोरा सैल पडला.

सुनेने दोरा ओढून घेतला. नववा मासा परत आला होता, पण पोटाखालचा गळ नव्हता. अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवलेली तारेची कडी मुळासकट उपटली गेली होती. तिथे स्वच्छ भोक राहिलं होतं.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

तिने भोकावर त्यांचं बोट ठेवलं.

त्यांनी ते चाचपलं. "मासा सुटला नाही," ते म्हणाले. "तुझं काम सुटलं."

हे तिला लागलं. लागण्याचं कारण हे की ते खरं होतं. कवळीत तार बसवताना ती वळवून अडकवायची असते, नुसती खुपसायची नसते. शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर तिने ते तिच्याच तोंडावर फेकलं असतं.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नजरेची नळी आणखी बारीक झाली आहे. औषधाने जे होतं ते झालं. आणखी काही महिने उजेड-अंधार कळेल, पुढचं सांगता येत नाही. परतताना रिक्षात सासरे म्हणाले, "परवा ओहोटी किती वाजता आहे?"

"सकाळी साडेसातला लागते. पण परवा नाही, बाबा. मला चार दिवस द्या."

"कशाला?"

"काम सुटलंय ना? ते बांधते."

तिने दहावा मासा केला. या वेळी तोंडापासून शेपटीपर्यंत एकच अखंड स्टीलची तार आरपार घेतली आणि दोन्ही गळ त्या तारेलाच अडकवले. अ‍ॅक्रिलिकच्या ठिकऱ्या झाल्या असत्या तरी तार आणि गळ दोऱ्याला राहिले असते. तारेने वजन बदललं, तोल बिघडला. दोन दिवस घासण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तिने मासा स्नानगृहातल्या नळाला बांधला, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली बादली लटकवली आणि शेजारी स्टुलावर बसून चहा प्यायली. चहा संपला, बादली तशीच होती. चौथ्या दिवशी उतारावर सासरे म्हणाले, "विसरतोय."

त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट ठरली. मागच्या वेळी मासा लागल्यावर ती "बाबा, तिकडे! अहो, तिकडे!" एवढंच ओरडत राहिली होती.

"तिकडे म्हणजे कुठे?" सासरे चिडून म्हणाले. "वर केबिनमध्ये बसलं की खालचं कोपऱ्यातलं काही दिसत नाही. जहाजाच्या पोटात तर अजिबात नाही. खाली आमचा इशारेवाला असायचा. तो सांगेल तेवढंच करायचं. चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी काम केलंय, ते मला नवीन नाही. पण तो माणूस घाबरून बोलायचा नाही. एका वेळी एकच शब्द. उचल. थांब. डावा. उजवा. सोड."

मग जेवणाच्या टेबलावर सराव झाला. ती मिठाची बरणी दोऱ्याने ओढायची आणि सासरे तिच्या शब्दावर काठी फिरवायचे. "उजवा. थांब. सोड." नवरा दारात उभा राहून बघत होता. "बरणी सुटली," तो म्हणाला.

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

त्या सकाळी आकाश भरलेलं होतं आणि वारा पाठीवर होता. सुनेने दोघांचे आकडे कडीत लावले, दोनदा ओढून पाहिले. सासऱ्यांनी विचारलं, "पाणी कसं आहे?"

रंग सांगणं तिला जमत असे. दातांच्या छटांचे सोळा नंबर तिला झोपेतही ओळखता आले असते. "सिगरेट ओढणाऱ्याच्या दातासारखं," ती म्हणाली. "किनाऱ्यापासून वीस हात तसंच. पुढे पांढरं. मधली रेघ स्पष्ट आहे."

"त्या रेघेवर टाकायचा. दिशा दे."

तिने त्यांचे खांदे धरून थोडे वळवले. त्यांनी टाकला. रेघेच्या पलीकडे पडला. गुंडाळला, पुन्हा टाकला. तासभर हेच चाललं. वरून कठड्यापाशी किटली येऊन बसला आणि थर्मासमधून चहा ओतू लागला. त्याने काही टोमणा मारला असावा, पण वाऱ्याने तो समुद्रात नेला.

सासऱ्यांचा खांदा दुखायला लागला होता, ते तिला त्यांच्या श्वासावरून कळत होतं. "बसायचं का थोडं?" तिने विचारलं.

"ओहोटी बसते का?"

साधारण चाळिसाव्या फेकीला काठी थांबली. झुकली नाही, नुसती थांबली. सासऱ्यांनी मनगट मागे घेतलं आणि मग झुकली ती सबंध.

"उजवा," सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "उजवा. थांब."

मासा डावीकडच्या कपारीकडे निघाला होता. त्याच कपारीने लाकडी मासा खाल्ला होता.

"अजून उजवा. धर. धर."

"किती हात?"

"कपारीला पाच. चार. बाबा, धरा!"

"एक शब्द!" सासरे ओरडले.

"धर."

त्यांनी अंगठ्याने रीळ दाबलं. दोरा वाऱ्यात गुणगुणायला लागला. जिताडा उसळला, तोंड उघडं, डोकं या बाजूवरून त्या बाजूला झटकत, आणि त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात तिला आपल्या अ‍ॅक्रिलिकचा गुलाबी रंग स्पष्ट दिसला. तार टिकली.

"उडाला. खाली गेला. सोड. थांब. डावा. उचल."

हे किती वेळ चाललं ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. किटली म्हणतो, वीस मिनिटं. मध्ये सासऱ्यांनी काठी तिच्याकडे सरकवली. ते म्हणाले, "तू घे. माझ्याच्याने होत नाही."

"मी घेतली तर सांगेल कोण?" ती म्हणाली. "उचल."

त्यांनी उचललं.

किटली जाळी घेऊन खाली उतरला तेव्हा सून त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "आधी दोर धरा, मग पाऊल." तो मुकाट्याने दोर धरून आला. मासा दगडाशी आला, उलटला, त्याची रुंद कूस वर झाली. "थांब," ती म्हणाली, आणि किटलीने जाळी खालून घातली.

सासरे गुडघ्यांवर बसले. त्यांनी काठी बाजूला ठेवून माशावर दोन्ही हात ठेवले. खवले, कल्ले, जबडा, आणि जबड्यातला तो अ‍ॅक्रिलिकचा मासा, ज्याच्या पाठीवर आता दोन ओरखडे होते. मग वितींनी मोजला. साडेचार भरला.

"अकरांमध्ये एवढा एकही नव्हता," ते म्हणाले. त्यांची धाप अजून ओसरली नव्हती.

"वहिनी," किटली म्हणाला, "मला एक असा करून द्याल का?"

"रांगेत या," सासरे म्हणाले. "आधी माझे दोन."

मासा सासरे-सुनेने मिळून वर आणला. नवरा कारखान्यातून तसाच सायकलवर आला होता आणि कठड्याला टेकून उभा होता. केव्हापासून, ते त्याने सांगितलं नाही. त्याने मासा हातात घेतला, वजन अजमावलं, आणि वडिलांच्या कंबरेचा आकडा नीट सुटला नव्हता तो सोडवला. "खांदा दुखतोय?" त्याने विचारलं.

"दुखतोय तर," सासरे म्हणाले. "चांगला दुखतोय."

सुनेला कामावर पोचायला दीड तास उशीर झाला. हातांना वास येत होता, मनगटावर दोन खवले चिकटले होते. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बसला का मग कुणाच्या तोंडात?"

"बसला," ती म्हणाली. तिने हात दोनदा साबणाने धुतले, मेण वितळवायचा दिवा पेटवला आणि वाट पाहत असलेला खालचा जबडा पुढ्यात ओढला.